नदीपलीकडची घंटा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा म्हशीसुद्धा आपलं मत बोलून दाखवत असत. आता त्या नुसतं रवंथ करतात आणि मत पोटात ठेवतात. लहान असाल तर मांडी घालून बसा, मोठे असाल तर भिंतीला टेकून बसा, पण मधेच उठू नका.

एका राज्यात सात घाट होते. घाटांच्या अलीकडे शेतं आणि गुरं, पलीकडे कारागिरांची गावं. अलीकडच्या माणसाला काही हवं असलं की तो तांड्याच्या नाईकाजवळ निरोप द्यायचा. तांडा म्हणजे ओझ्याच्या बैलांची लांबच लांब रांग, आणि नाईक म्हणजे त्या रांगेचा म्होरक्या. नाईक निरोप घेऊन घाट चढायचा, कारागिराला सांगायचा आणि काही महिन्यांनी वस्तू घेऊन उतरायचा. घेणाऱ्याची आणि बनवणाऱ्याची जन्मात गाठ पडायची नाही.

मग न पाहिलेल्या माणसावर भरवसा ठेवायचा कसा? त्यासाठी त्या लोकांनी एक रीत घातली होती. पहिल्या घाटाच्या खिंडीत एक लांब कट्टा होता. त्याला साक्षीचा कट्टा म्हणत. कट्ट्यावर सागवानी फळ्या उभ्या केलेल्या, प्रत्येक कारागिराची एक. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून फळीवर चित्र कोरलेलं. कुंभाराच्या फळीवर घडा, विणकराच्या फळीवर धोटा. धातू वितळवून साच्यात ओततो तो ओतारी. त्याच्या फळीवर घंटा. वस्तू घरी आली, वापरून झाली, की घेणाऱ्याने खिंडीत जायचं. वस्तू मनासारखी असली तर त्या फळीवर बोटाने चुन्याची टिकली लावायची. फसगत झाली असली तर काजळीची. पुढचा माणूस फळी बघूनच निरोप धाडायचा.

या रीतीला एक नियम होता. लावलेली टिकली दुसऱ्या कुणी पुसायची नाही, राजानेसुद्धा नाही. ज्याची त्यानेच पुसायची, आणि ती कट्ट्यासमोर बाजार भरायचा त्या दिवशी, चार माणसांत, का पुसतो ते मोठ्याने सांगून. त्यामुळे टिकली पुसायला सहसा कुणी यायचं नाही. चार माणसांत ‘माझं चुकलं’ म्हणणं तेव्हाही जड जायचं. तुम्हीच बघा आठवून, शेवटचं कधी म्हणालात ते.

खिंडीच्या पायथ्याशी नदी होती आणि नदीच्या अलीकडच्या काठावर एक बाई राहायची. ती अंबाडीच्या वाखाचे दोर वळायची. सगळे तांडे तिचे दोर वापरायचे. खिंडीत तिचीही फळी होती, चुन्याने पांढरी झालेली. फक्त एका कोपऱ्यात काजळीची एक टिकली होती. एका वर्षी तिचा एक दोर कुजका निघाला होता, त्याची. ती टिकली पुसून मिळावी म्हणून तिने कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही. “दोर कुजकाच होता, टिकली खरी आहे,” असं ती म्हणाली. तेव्हापासून लोकांचा तिच्या शब्दावर फार विश्वास. तिने एखाद्या फळीवर चुना लावला की त्या कारागिराकडे निरोपांची रीघ लागायची.

तिचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर जायचा. त्याच्या बैलाच्या गळ्यात काशाची घंटा होती. तांडा परत यायचा तो नेहमी संध्याकाळी. पलीकडच्या डोंगराच्या वळणावर घंटा वाजली की बाई परात ओढून पीठ मळायला घ्यायची. तांडा नदीच्या पलीकडच्या काठावरच मुक्कामाला थांबायचा, बैल तिथेच बांधले जायचे, आणि घंटा थांबायची. घंटा थांबली की ती पहिली भाकरी तव्यावर टाकायची. तो एकटा नदी उतरून यायचा. त्याने दारात पाय धुवायला घेतले की दुसरी भाकरी टम्म फुगायची. इतक्या वर्षांत हा मेळ कधी चुकला नव्हता.

एका वर्षी तांडा आला आणि तो आला नाही. नाईक तिच्या दारात मान खाली घालून उभा राहिला.

“सहाव्या घाटात दाट धुकं होतं, वहिनी,” तो म्हणाला. “धुकं निवळलं, बघतो तर तो नव्हता. त्याचा बैलही नव्हता. आम्ही तीन दिवस हाका मारल्या.”

याहून जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाई रडली नाही. गावाला म्हणाली, “गेला तो गेला. मी वाट बघत बसणाऱ्यातली नाही. मला दोर वळायचेत.” गाव म्हणालं, बाई खंबीर आहे. पण खरं सांगू? ती रोज संध्याकाळी चूल पेटवायची आणि पीठ मळायच्या आधी थोडा वेळ नुसती बसून राहायची, कान नदीकडे लावून. हे फक्त तिच्या म्हशीला ठाऊक होतं. ती बोलकी होती, पण चहाडखोर नव्हती.

अशी सात वर्षं गेली. आणि एका संध्याकाळी बाईच्या ध्यानात आलं, की तिला ती घंटा आठवत नाही. घंटा होती हे आठवत होतं, आवाज आठवत नव्हता. तिने डोळे मिटले, श्वास रोखला, तरी तो आवाज काही कानात येईना. माणूस गेला तो गेला, आता हेही चाललं!

दुसऱ्या दिवशी नदीकाठी तांडा होता. ती नाईकाकडे गेली.

“नाईकभाऊ, सातव्या घाटापलीकडे जो म्हातारा ओतारी आहे, त्याला सांगा मला एक घंटा हवी. आमच्या धन्यांच्या बैलाच्या गळ्यात होती तशी.”

“आवाज कसा होता म्हणून सांगू?” नाईकाने विचारलं.

आवाज कानात येत नव्हता, पण तो कसा चढायचा-उतरायचा ते बाईला सांगता येत होतं. ती म्हणाली, “आधी जाड. मग बारीक. आणि शेवट असा, की बोलता बोलता कुणी थांबावं.”

नाईकाने तो निरोप जसाच्या तसा पाठ केला आणि घाट चढला.

उन्हाळ्यात घंटा आली, गवतात नीट गुंडाळून. सोबत ओतारीचा निरोप होता: “जशी सांगितली तशी ओतली आहे. साचा चार वेळा मोडला, पाचव्यांदा जमली.” बाईने गवत सोडलं, घंटा काढली, दारात उभी राहिली आणि वाजवली.

ठण्!

इतका मोठा आवाज, की कोंबड्या उडाल्या. बाईने पुन्हा वाजवली, हळू. पुन्हा वाजवली, जोरात. घंटा कानाशी कर्कश ओरडत होती. त्यात ना बारीक काही होतं, ना कुणाचं थांबणं. सहा महिने बाईने या एका आवाजाची वाट पाहिली होती. तिला इतकं वाईट वाटलं, की वाईट वाटण्याची जागा रागाने घेतली. रागावणं सोपं असतं, त्याला कोपऱ्यात बसून रडावं लागत नाही.

ती तडक खिंडीत गेली. काजळीच्या मडक्यात बोट बुडवलं आणि ओतारीच्या फळीवर, बरोबर मध्यभागी, ही एवढी टिकली लावली. त्या दिवशी बाजार होता. लोकांनी विचारलं, काय झालं? बाई म्हणाली, “मागितला एक आवाज, पाठवला दुसराच. खोटा माणूस आहे.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण हे दोरवालीचं तोंड होतं. जत्रेसाठी घंटा मागवणार होते त्यांनी बेत बदलला. देवळाची घंटा दुसऱ्या ओतारीकडे गेली. ज्यांनी ती घंटा कधी ऐकली नव्हती तेही सांगू लागले, की तिचा आवाज फुटका आहे.

महिन्याभराने नाईक परत आला. ओतारीने एकच प्रश्न विचारून पाठवला होता. “बाई, ती जुनी घंटा तुम्ही कुठे बसून ऐकत होता?”

बाई भडकली. “म्हणजे मला बहिरी ठरवतोय की काय? कुठे बसून म्हणजे? माझ्या घरात बसून! कानांनीच ऐकत होते म्हणावं. वस्तू चुकली ते कबूल करायचं सोडून मलाच उलटा सवाल?”

तिने उत्तर पाठवलं नाही.

पावसाच्या तोंडावर एक व्यापारी आला. तो ओतारीच्या घंटा घेऊन गावोगाव विकायचा, आणि आता त्याच्या घंटा कुणी घेईनासं झालं होतं. त्याने तिच्या ओटीवर दोन लखलखीत समया ठेवल्या.

“ताई, या तुम्हाला. दुसरी घंटाही देतो. तेवढी ती टिकली पुसून टाका. काय सांगायचं ते मी सांगतो तुम्हाला. म्हणा, नाईकाने वाटेत घंटा आपटली, ओतारीचा दोष नव्हता. झालं! चार माणसांतही निभावून जाईल.”

“ओतारीने पाठवलंय का तुम्हाला?”

“छे! त्याला कळलं तर तो मलाच दारात उभं करणार नाही. हट्टी म्हातारा.”

बाईने समया उचलून त्याच्या हातात परत दिल्या. “मला खोटी वाटली म्हणून मी काजळी लावली. समयांसाठी पुसली तर उद्या त्या फळीवर भरवसा ठेवून घंटा मागवणाऱ्या माणसाला काय तोंड दाखवू? आणि नाईकाने माझ्यासाठी सात घाट घंटा जपून आणली, त्याच्या माथी दोष मारू?”

व्यापारी पाय आपटत गेला. इथे बाईचं काही चुकलं नाही बरं का. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे ती टिकली पुसणार आहे, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही पुसली?

पावसाळाभर नदी दुथडी भरून वाहिली. तांडे बंद होते. घंटा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली होती आणि म्हैस तिच्याखाली बांधलेली. पाणी ओसरल्यावर पहिला तांडा आला, तेव्हा नाईकाचा चेहरा उतरलेला होता.

“ओतारीची भट्टी थंड आहे, वहिनी,” तो म्हणाला. “त्याच्या हाताखाली चार कारागीर होते, ते दुसऱ्या राज्यात निघून गेले. म्हातारा आता दारोदार फिरून भांड्यांना कल्हई करतो.”

“काही बोलला?”

“त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. कुठे बसून ऐकत होता.”

बाईला रात्रंदिवस ती थंड भट्टी दिसू लागली. ती स्वतः हाताने काम करणारी होती, हात रिकामे राहणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. शेवटी ती नदी उतरून खिंडीत गेली. साक्षीच्या कट्ट्यावर एक म्हातारा राखणदार बसायचा. चुन्याची आणि काजळीची मडकी भरणं एवढंच त्याचं काम, पण उभा जन्म त्याने टिकल्या लावणारी माणसं पाहिली होती.

“बाबा, पुसू का टिकली?” बाईने विचारलं.

“घंटा आता बरी वाटते?”

“नाही. ओतारीची कीव येते.”

“मग नको पुसू. कीव आली तर त्याला दाणे पाठव. फळी त्यासाठी नाही.” राखणदाराने काजळीचं मडकं झाकलं. “घंटा आहे कुठे?”

“गोठ्यात. खुंटीला.”

“खुंटीला?” तो हसला. “पोरी, घंटा कुणाच्या तरी गळ्यात असते. दोर मी खुंटीला टांगून ठेवला आणि म्हटलं, याने काही बांधलं जात नाही, तर तुला कसं वाटेल?”

बाईला ते पटलं नाही. घरी येऊन तिने पुन्हा दारात उभं राहून घंटा वाजवली. तोच ठणठणाट. तिने नाक मुरडलं आणि घंटा म्हशीच्या गळ्यात बांधली.

“तुझ्या तरी उपयोगी पडू दे.”

“मला कुणी विचारलं?” म्हैस म्हणाली. “बरं, असू दे. मला दागिना कधी मिळाला नव्हता.”

काही दिवस म्हैस दाराशीच चरली, आणि घंटा दिवसभर कानाशी ठणठणत राहिली. बाईचं डोकं उठायचं. मग अलीकडच्या काठाचं गवत संपलं. म्हशीने एका सकाळी कुणाला न विचारता नदी ओलांडली आणि पलीकडच्या डोंगरावर चरायला गेली. बाई आत दोर वळत होती. तिला वाटलं, आज गोठ्यात शांत आहे, म्हैस झोपली असेल.

संध्याकाळ झाली. बाईने चूल पेटवली आणि नेहमीसारखी थोडा वेळ नुसती बसली.

आणि पलीकडच्या डोंगराच्या वळणावर घंटा वाजली.

आधी जाड. मग बारीक. आणि शेवट असा, की बोलता बोलता कुणी थांबावं.

बाईने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, तो वळणापर्यंत आला होता. तिने परात ओढली. पीठ घेतलं, दोघांचं. इतकी वर्षं ती एकीचंच पीठ घेत होती, पण हात विसरले नव्हते. घंटा डोंगर उतरत होती आणि ती मळत होती. मळता मळता तिने कोपराने केस मागे सारले. घंटा नदीपाशी आली आणि थांबली, नेहमी थांबायची तशीच. तिने पहिली भाकरी तव्यावर टाकली. उठून पाय धुवायला पाण्याची घागर दारात ठेवली. पहिली उतरवली, दुसरी टाकली. दुसरी फुगू लागली. दारात पाय वाजले.

तिने वर बघितलं.

दारात म्हैस उभी होती. अंगावरून नदीचं पाणी निथळत होतं. तिने मान झटकली, घंटेत अडकलेलं शेवाळ खाली पडलं आणि घंटा कर्कश ओरडली. ठण्!

म्हशीने चुलीकडे पाहिलं. “आज दोन भाकऱ्या?”

इतकी वर्षं जे रडणं बाईने दोरांना पीळ देण्यात घालवलं होतं ते सगळं एकदम आलं. ती उंबऱ्यावर डोकं टेकून रडली. तव्यावरची भाकरी करपली तरी रडत राहिली.

म्हशीला काय करावं कळेना. ती जरा जवळ सरकली. मग म्हणाली, “या घंटेचा त्रास होत असला तर काढून टाक. मला राग नाही.”

“घंटा खरी आहे ग,” बाई म्हणाली. “अगदी तीच आहे. जशी सांगितली तशी.”

“मग रडतेस कशाला?”

“घंटाच तेवढी आली.”

तेव्हा कुठे तिला ओतारीचा प्रश्न कळला. ती घंटा तिने जन्मात कधी जवळून ऐकलीच नव्हती. बैल पलीकडे, ती अलीकडे, मधे नदी. आवाजातला कर्कशपणा डोंगर गाळून घ्यायचा, नदी त्याला मऊ करायची, आणि जे उरायचं ते तिच्या चुलीपर्यंत यायचं. म्हाताऱ्याने तिने सांगितलेला तो शेवटचा आवाज धरून, तिथून मागे मागे जात, घंटा ओतली होती. त्याला इतकंच विचारायचं होतं, की बाई, तुम्ही नदीच्या कुठल्या बाजूला होता? आणि तिने ते अपमान म्हणून घेतलं.

आता टिकली पुसायला हवी, यात तिला शंका नव्हती. पण दोन दिवस झाले तरी ती निघेना.

“आज बाजार आहे,” म्हैस म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“लोक म्हणतील, दोरवालीचा शब्दही सैल निघाला. म्हणून घाबरलीस?”

“तेही आहे.”

“आणि?”

बाईने हातातला वाख खाली ठेवला. “का पुसते ते मोठ्याने सांगावं लागतं. सांगावं लागेल, की मी अजून वाट बघते. गावाला वाटतं, मी कधीचीच सावरले.”

“त्या व्यापाऱ्यासारखं काहीतरी सांग की. नाईकाने आपटली म्हणावं.”

“गप्प बस,” बाई म्हणाली. मग तिने पदर खोचला, घंटा म्हशीच्या गळ्यातून सोडली, पदरात बांधली आणि निघाली.

बाजार ऐन भरात होता. बाई ओतारीच्या फळीपुढे जाऊन उभी राहिली. तिची ती काजळीची टिकली मध्यभागी तशीच होती, आणि तिच्याभोवती दुसऱ्यांच्या टिकल्या जमल्या होत्या, काही तर घंटा न घेतलेल्यांच्या. राखणदाराने हाळी घातली, “टिकली पुसायला बाई आली आहे!” माणसं गोळा झाली. एवढी गर्दी राजाच्या दवंडीलाही होत नसे.

बाईने फळीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, “या ओतारीला मी खोटा म्हटलं. तो खोटा नाही. मी आमच्या धन्यांची घंटा सगळा जन्म नदीपलीकडून ऐकली, आणि याची घंटा कानाशी धरून वाजवली. त्याने विचारलं होतं, कुठे बसून ऐकत होता. मी उत्तर दिलं नाही.”

“पण मग तुला ती का आवडली नाही?” कुणीतरी विचारलं.

इथे बाई थांबू शकली असती. लोकांना एवढंही पुरलं असतं.

“कारण ती वाजली आणि कुणी आलं नाही,” ती म्हणाली. “मी घंटा मागवली नव्हती. मी माणूस मागवला होता. तो ओतारी कुठून पाठवणार? मी अजून रोज संध्याकाळी वाट बघते. त्याचा राग मी या फळीवर काढला.”

मागे दोघं हसू लागले होते, त्यांनी माना खाली घातल्या. बाईने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि टिकली पुसली. पण काजळी सहा महिने लाकडात मुरली होती. पुसली तरी तिथे करडा डाग राहिला.

“डाग जायचा नाही, पोरी,” राखणदार म्हणाला.

“राहू दे. तो माझा आहे, त्याचा नाही.” तिने शेजारी चुन्याची टिकली लावली. मग पदरातली घंटा सोडून राखणदाराच्या हातात दिली. “बाबा, मी नदीकाठी जाऊन उभी राहते. तुम्ही इथून वाजवा. ज्याला खरंखोटं करायचं असेल त्याने माझ्याबरोबर खाली यावं.”

अर्धा बाजार तिच्याबरोबर डोंगर उतरला. राखणदाराने घंटा वाजवली. आवाज खाली आला तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाने डोक्यावरचं मुंडासं काढलं. त्यालाही कुणीतरी आठवलं असेल. त्या दिवशी आणखी सतरा जणांनी आपापली काजळी पुसली, आणि त्यातल्या अकरा जणांना चार माणसांत कबूल करावं लागलं, की आम्ही ती घंटा ऐकलीच नव्हती.

नाईकाने निरोप नेला. सातव्या घाटापलीकडे म्हातारा ओतारी एका पातेल्याला कल्हई करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग कुठे बसून ऐकत होती ती?”

“नदीच्या अलीकडे. चुलीपाशी.”

“हां,” म्हातारा म्हणाला. “चूल हिशेबात धरली नव्हती मी. म्हणून शेवट थोडा लांबला.” आणि तो उठून भट्टीतली राख काढू लागला.

भट्टी पुन्हा पेटली. पण गेलेले चार कारागीर परत आले नाहीत, आणि एकट्या म्हाताऱ्याच्याने देवळात टांगण्याएवढी मोठी घंटा पुन्हा कधी ओतवली नाही. बाईने ओतारीच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिलं असतं, तर काय झालं असतं हे कुणी सांगावं? बाईने मात्र हा हिशेब जन्मभर मनात ठेवला, म्हणून मीही तो लपवत नाही.

पुढच्या वर्षी ओतारीने साक्षीच्या कट्ट्यासाठी एक छोटी घंटा पाठवली. सोबत निरोप होता: “काजळीत बोट बुडवण्याआधी ही दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा आणि जरा लांब जाऊन ऐका.” तेव्हापासून खिंडीत ती रीत पडली. काहीजण घंटा वाजवायला सांगून, नदीपर्यंत जाऊन, परत येऊन तरीही काजळी लावायचे, कारण काही वस्तू खरोखरच खोट्या असतात. पण बरेचजण नदीपर्यंत जायचे आणि तसेच घरी निघून जायचे.

आणि बाई? ती दोर वळत राहिली. तिचा शब्द सैल झाला असं कुणी म्हटलं नाही. उलट निरोप धाडण्याआधी लोक आता मुद्दाम तिचं मत विचारू लागले. राखणदाराने परत दिलेली घंटा गळ्यात घालून म्हैस रोज पलीकडे चरायला जाते. संध्याकाळी वळणावर घंटा वाजते, आधी जाड, मग बारीक, आणि बाई परात ओढते. तो येणार नाही हे तिला ठाऊक आहे. तरी ती दोन भाकऱ्या टाकते.

दुसरी भाकरी म्हैस खाते, आणि त्यावर तिचं काय मत आहे हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बोध: आपल्या मनातल्या उणिवेचा दोष दुसऱ्याच्या कामाला देऊ नये, आणि दिलाच असला तर चूक कळताच तो आपल्याच हाताने, चार माणसांत पुसावा.